अर्धा राहिलेला धवला

गंगुबाई म्हात्रे यांच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. तोवर सरकारदरबारी त्यांचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि मतदार यादीत होतं, आणि मतदार यादीत त्यांच्या नावापुढे एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो होता. पोलिसांनी मात्र नाव, वय, फोटो सगळं बिनचूक नोंदवलं. गुन्हा केल्याचा हा एक फायदा त्यांच्या मुलाने, पोपटने, पुढे बोलूनही दाखवला.

डोंबिवलीच्या मानपाड्याच्या मागे, चहूकडे टॉवर उभे राहिल्यामुळे आता खड्ड्यात बसल्यासारखं दिसणारं जे गाव आहे, तिथे त्या राहत. नवरा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. त्याचे हात कायम निळे असत, आणि तो गेला तेव्हाही ते निळेच होते. भाताची जमीन टॉवरखाली गेली. पोपट रिक्षा चालवायला लागला. गंगुबाईंकडे उरलं ते सासूने भाताची लावणी करता करता शिकवलेलं गाणं. त्या धवलारीण होत्या.

धवलारीण म्हणजे कोण, हे टॉवरमधल्या लोकांना सांगावं लागतं. आगरी लग्नात भटजी असतो, अक्षता असतात, सगळं रीतसर असतं. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, हळदीला, हळद वाटायचा पाटा मांडून त्याच्याशी बसून एक बाई गाते. देवांना बोलावते, वाडवडलांना बोलावते, नवरानवरीची नावं घेऊन त्यांना एकमेकांशी बांधते. त्या गाण्याला धवला म्हणतात. गंगुबाईंचं स्पष्ट मत होतं की लग्न लागतं ते धवल्यात. दुसऱ्या दिवशी भटजी येतो तो पाहुण्यांची सोय म्हणून.

त्यांच्या सासूच्या घराण्याची रीत जरा तिखट होती. पाटा मांडला की पहिल्या भागात मांडवातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला झापायचं. नवऱ्याच्या बापाला चिकट म्हणायचं. आचाऱ्याला सांगायचं, मटणात मीठ जास्त झालं तर हात बांधून ठेवीन. नवरीच्या मामाला सांगायचं, पिऊन आलास तर विहिरीत बुडवून काढीन. मग देव, मग नवरानवरी. आणि शेवटच्या भागात, पाटा उचलण्याआधी, ज्याला ज्याला झापलं त्याला त्याच्या त्याच्या कामात बरकत मागायची. एकही नाव सुटता कामा नये. लोक झापून घ्यायला हौसेने पुढे बसत, कारण ज्याला झापलं नाही त्याला शेवटी आशीर्वादही नाही.

सुशांतच्या हळदीला हे सगळं नेहमीसारखं सुरू झालं. सुशांत त्यांच्याच गावातला, तीन गल्ल्या पलीकडचा. त्याच्या लग्नाला डीजे होता बंटीचा. बंटी म्हणजे कलावतीचा मुलगा, आणि कलावतीच्या लग्नाचा धवला गंगुबाईंनीच गायलेला, त्यामुळे बंटी या जगात आहे तो आपल्यामुळे असा त्यांचा हिशेब होता. बंटी स्पीकरचे बॉक्स लावत असताना त्यांनी त्यालाही झापलं:

मांडवाच्या दारी गो बॉक्स कोनी मांडिला,
बंटीन मांडिला गो बंटीन मांडिला,
मधी जर वाजविशील रं धवला चालू आस्ता,
मुसल घेईन हाती रं डोका तुझा फोरीन.

बंटी खूश झाला. त्याने आपल्या फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लावून स्टेटसला ठेवला.

धवला अर्ध्यावर आला. देव येऊन बसले होते. सुशांत आणि त्याची नवरी संचिता यांची नावं घेऊन झाली होती आणि आता गाठ मारायची होती. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूला जमलेल्या पोरांनी बंटीचं डोकं खाल्लं आणि बंटीने डीजे सुरू केला. गंगुबाई थांबल्या. हात वर करून त्यांनी खूण केली. बंटीने ती पाहिली नाही. त्यांनी वाट पाहिली. मग हळद कांडायला ठेवलेलं मुसळ उचललं आणि त्या उठल्या. नाचणाऱ्या पोरांना वाटलं, गंगूआय नाचायला आली. त्यांनी शिट्ट्या वाजवून वाट करून दिली, चौघा-पाचांनी फोन वर धरले. गंगुबाई त्या वाटेने सरळ गेल्या आणि बंटीच्या डोक्यात मुसळ घातलं. बंटी डीजेच्या मिक्सरवर पडला. गाणं चालूच राहिलं, कारण ते बंद कसं करायचं हे फक्त बंटीला ठाऊक होतं.

बंटीला टाके पडले. डोक्याचा स्कॅन काढला, तो स्वच्छ निघाला. हाड शाबूत होतं. पण पोलिसांपुढे गोष्टी होत्या त्या अशा: घाव डोक्यावर, मुसळाला खाली वसवी, म्हणजे लोखंडी कडं, आणि बंटीच्या स्वतःच्या फोनवर आरोपीने आधीच दिलेली धमकी, तीही हत्याराचं नाव घेऊन. शुद्धीवर आल्याआल्या बंटी म्हणाला की साहेब, ते गाणं आहे. साहेब म्हणाले, गाण्यात धमकी दिली तर ती धमकी नसते काय.  खुनाचा प्रयत्न लागला. गंगुबाई कल्याणच्या तुरुंगात गेल्या, वयाकडे बघून लवकरच जामिनावर बाहेर आल्या, आणि जामिनाबरोबर एक अट आली. साक्षीदारांना भेटायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. साक्षीदारांमध्ये बंटी होता, सुशांत होता, संचिता होती.

लग्न दुसऱ्या दिवशी लागलं होतं. भटजींनी लावलं, नोंदणी झाली, फोटो निघाले. सगळ्यांच्या लेखी सुशांत आणि संचिता नवराबायको होते. गंगुबाईंच्या लेखी ते अजून पाट्यापुढे बसलेले होते आणि त्यांची गाठ कोणीच मारली नव्हती.

जामिनाची अट त्यांनी पाळली, जरा जास्तच पाळली. भाजीला जायचं तर सुशांतच्या गल्लीवरून न जाता हायवेच्या कडेने मोठा वळसा घालून जायच्या. एकदा संचिता समोरून येताना दिसली तर त्या एका मोबाईलच्या दुकानात शिरल्या आणि दुकानदाराने काय हवं विचारलं तेव्हा काचेतला एक फोन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. पावसाळ्यात बातमी आली की संचिताला दिवस गेले होते ते राहिले नाहीत. गावातल्या बायका कुजबुजल्या. गंगुबाईंच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण त्या आल्या की ओट्यावरची बोलणी थांबायची, आणि कशाबद्दल चालली होती ते ओळखायला धवलारीण असावं लागत नव्हतं. संचिता पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची, तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. गंगुबाईंचा होता. त्या रात्रंदिवस एकाच गोष्टीने पोखरल्या जात होत्या, की आपण त्या पोरीला अर्ध्यावर सोडून उठलो.

वकील पोपटने आणली. हेमा सबनीस डोंबिवली पूर्वेला राहायच्या, कल्याण कोर्टात वकिली करायच्या आणि रोज स्टेशनपर्यंत पोपटच्या रिक्षाने जायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या. एका रविवारी त्या गंगुबाईंच्या घरी आल्या, चटईवर बसल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "खुनाच्या प्रयत्नाचा खटला सेशन्स कोर्टात चालतो. आमच्याकडे आत्ता जे खटले उभे आहेत ते पाच-सात वर्षांपूर्वीचे आहेत. शिक्षा झाली तर दहा वर्षांपर्यंत, दुखापत झालीय म्हणून जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकते. पण तुमचा हा पहिलाच गुन्हा, जखम साधी, वार एकच. आरोप ठरवण्याआधी मी अर्ज करते, की हे कलम इथे बसत नाही. हे धारदार किंवा धोकादायक हत्याराने दुखापत करणं, एवढंच आहे. कोर्टाने मानलं तर खटला खालच्या कोर्टात जाईल."

"तिथं लवकर निकाल लागंल?" गंगुबाईंनी विचारलं.

"त्यामानाने लवकर."

"मग ती अट उठंल? पोरांना भेटाला देतील?"

हेमाताईंना वाटलं होतं की म्हातारी तुरुंगाबद्दल विचारेल. त्यांनी पोपटकडे पाहिलं. पोपटने धवल्याची सगळी हकिकत सांगितली, गाठ राहिल्याची, संचिताची. गंगुबाई मधेमधे मान हलवत होत्या. पोपटने संपवल्यावर त्या म्हणाल्या, "वकीलबाय, मी आता पिकलेली. सात वरसा मी नाय पुरत. मी जेली का मंग त्यांचा धवला कोन पुरा करनार? माझा मीच कराला लागतो, दुसरीला चालत नाय."

"ठीक आहे," हेमाताई म्हणाल्या आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. सरकारी पक्षाची सगळी मदार त्या व्हिडिओवर होती. त्या म्हणाल्या, आपण कोर्टाला सांगू की लग्नातली गाणी ही थट्टा असते, तिच्यातल्या शब्दांना काही अर्थ नसतो, कोणी ते खरं धरत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही निम्म्या गावाला धमक्या दिल्यात, त्यातल्या एकानेही तक्रार केलेली नाही. मी तसं लिहिते, तुम्ही सही करा.

"ता लिवू नका," गंगुबाई म्हणाल्या.

"का?"

"शब्दांना अर्थ नाय कसा? अर्थ हाय."

हेमाताईंनी चष्मा शोधला. मग त्यांनी समजावून सांगितलं, की गाणं खोटं ठरलं तर धमकी खोटी ठरते, धमकी खोटी ठरली तर आधीपासून बेत होता असं म्हणता येत नाही, आणि बेत नसेल तर मोठं कलम पडतं. पोपटने तेच पुन्हा आगरीत सांगितलं. गंगुबाईंना ते पहिल्या वेळीच समजलं होतं.

"पाटा मांडल्यापासून उचलीपरत जा बोलते ता सगला धवला," त्या म्हणाल्या. "त्याच तोंडानं मी बंटीला बोलली, त्याच तोंडानं नवरानवरीला बांधते. बंटीचा खोटा, तर यो पोपटचा लगीन पन खोटा. कलावतीचा खोटा. अख्ख्या गावाची पोरा बिनलग्नाची ठरतील. मी कोर्टात असा कशी बोलू?"

पोपटने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती चहाचे कप गोळा करत होती आणि सासूच्या बाजूने होती हे स्पष्ट दिसत होतं.

हेमाताई चिडल्या. इतक्या वर्षांत त्यांनी निर्दोष असून गुन्हा कबूल करणारे पाहिले होते, गुन्हा करून नाकारणारे तर रोजचेच होते. सुटण्याचा धडधडीत रस्ता समोर असताना त्यावर आडवं पडणारी ही पहिलीच. त्या कागद आवरायला लागल्या. आवरता आवरता, निव्वळ वैतागून, त्यांनी विचारलं, "म्हणजे उद्या तुम्ही गाण्यात म्हणालात की याचा जीव घेईन, तर तुम्ही जीव घ्याल?"

गंगुबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "शिव शिव. लग्नात मरनाचा शबूद काढत नाय. पाट्याशी बसून मरान बोलली तर धवला फुटतो. सासूनं पैल्याच दिवशी सांगलेला. बुरवून काढीन बोलायचा, बांधून ठेवीन बोलायचा, फोरीन बोलायचा. मारून टाकीन कवा बोलायचा नाय."

हेमाताईंनी कागद खाली ठेवले. मग त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा ऐकला, आणि तिसऱ्यांदा ऐकताना चष्मा डोळ्यांवर ठेवला.

"पोपट, अजून एक कप चहा मिळेल का?" त्या म्हणाल्या. "हा अर्ज पहिल्यापासून लिहायला लागणार आहे."

सुनावणीच्या दिवशी कल्याणच्या कोर्टात गंगुबाई कडक इस्त्रीच्या नऊवारीत आल्या. दारावरच्या हवालदाराने त्यांची पिशवी तपासली आणि मग वाकून नमस्कार केला, कारण त्याचा धवला त्यांनी गायला होता. त्यांनी त्याला मुलंबाळं विचारली. बंटीही आला होता. त्याला आज बोलावलं नव्हतं, पण त्याच्या आईने, कलावतीने, त्याला ओढून आणलं होतं. कलावतीचा घोर वेगळाच होता. बंटीला झापलं होतं, पण शेवटचा आशीर्वाद गायचा राहिला होता. तिच्या हिशेबाने ते मुसळ अजून बंटीच्या डोक्यावर लटकत होतं, आणि त्यानंतर त्याचे दोन बॉक्स जळले होते, एक टेम्पो नाल्यात गेला होता. ती केस मागे घ्यायला पोलिसांकडे दोनदा जाऊन आली होती. पोलिसांनी तिला सांगितलं की ही केस बंटीची नाही, सरकारची आहे, सरकारच्या डोक्यात मुसळ बसलं असं समजा. जामिनाच्या अटीमुळे मायलेक बाकाच्या एका टोकाला बसले, गंगुबाई दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही बाजूंनी समोरच्या भिंतीकडे बघण्याचं काम चोख केलं.

पुकारा झाल्यावर गंगुबाई आरोपीच्या पिंजऱ्यात गेल्या आणि सरकारी वकिलांनी व्हिडिओ लावला. न्यायाधीशांनी तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने पाहिला. सरकारी वकील म्हणाले की आरोपीने काय करणार, कशाने करणार आणि कोणत्या कारणाने करणार हे आगाऊ जाहीर केलं आणि तंतोतंत तसंच केलं, तेव्हा हा रागाच्या भरात घडलेला प्रकार मानता येत नाही.

हेमाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आमचं सरकारी पक्षाशी पूर्ण एकमत आहे.

सरकारी वकिलांनी मान वर केली.

"आरोपीने जे गायलं तेच तिच्या मनात होतं, असं सरकार म्हणतं," हेमाताई म्हणाल्या. "आम्हालाही तेच म्हणायचं आहे. आरोपीने काय गायलं ते आपण ऐकलं. डोकं फोडीन. जीव घेईन असं एका अक्षराने म्हटलेलं नाही, आणि या रिवाजात तसं म्हणायला सक्त मनाई आहे. डोकं फुटलं, आरोपी मागे फिरली. हातात मुसळ होतं, माणूस खाली पडला होता, अडवायला कोणी पुढे आलं नव्हतं, तरी दुसरा घाव नाही. खुनाच्या प्रयत्नाला मारण्याचा इरादा लागतो. इथे इरादा सरकारनेच पुराव्यात दाखल केला आहे आणि तो दुखापतीचा आहे."

न्यायाधीशांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. आरोपीला या टप्प्यावर काही विचारण्याची गरज नसते, पण त्यांनी विचारलं. "आजी, तुम्ही गाता ते खरं असतं?"

"व्हय सायेब."

"मग त्याला मारायचं होतं का तुम्हाला?"

"नाय. फोरायचा व्हता," गंगुबाई म्हणाल्या. "मारायचा आस्ता तर मी तिथं गायाला बसलीच नस्ती."

कोर्टाचा आदेश नंतर आला. त्यात सदर, उपरोक्त आणि प्रथमदर्शनी हे शब्द पुष्कळ होते, पण सार एवढंच की खुनाच्या प्रयत्नाचं कलम वगळण्यात येत आहे, धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचा आरोप ठरवण्यात येत आहे आणि खटला खालच्या कोर्टाकडे पाठवण्यात येत आहे. हेमाताईंनी त्या संध्याकाळी स्वतःहून पोपटला रिक्षा थांबवायला लावून पेढे घेतले.

पेढे तोंडात होते तोवर ठीक होतं. मग हेमाताई पुढचं सांगायला लागल्या. आता खालच्या कोर्टात आपण लढू. साक्षीदार सगळे गावातलेच, बंटी तर आपल्या विरुद्ध बोलणारच नाही. तीन-चार वर्षांत तुम्ही निर्दोष सुटाल, कपाळाला डाग नाही.

"आनी तीन-चार वरसा पोरांना भेटाचा नाय?"

"खटला चालू असेपर्यंत अट राहणारच."

"लवकर संपवाचा आसंल तर?"

हेमाताईंनी पेढ्यांचा पुडा बंद केला. "तर पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करायचा. पहिला गुन्हा, वय बघून कोर्ट बहुतेक तुरुंगात पाठवणार नाही, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडेल. पण बहुतेक म्हणतेय मी, नक्की नाही. आणि दोषी म्हणून नोंद होईल, मावशी. कायमची. मी एवढा आटापिटा केला तो तुम्ही दोषी ठरावं म्हणून नाही केला."

"मी फोरला ना त्याचा डोका," गंगुबाई म्हणाल्या. "मंग नोंद होवू दे."

 हेमाताईंना वाईट वाटलं होतं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचाही त्यांना राग आला होता. अशिलाची बाजू जिंकण्याच्या बेतात असावी आणि अशिलानेच घाईने सामान बांधावं, असं झालं होतं.

खालच्या कोर्टात गंगुबाईंनी गुन्हा कबूल केला. परिवीक्षा अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी चौकशीला घरी आली. तिने विचारलं, काही व्यसन? मिश्री. पूर्वीचा गुन्हा? नाही. पश्चात्ताप होतो का? गंगुबाईंनी यावर बराच विचार केला. बंटीच्या डोक्याचा होतो, त्या म्हणाल्या, पोर आहे, लागलं त्याला. कलावतीसमोर जायची लाज वाटते. पण त्याने मधेच वाजवलं, ते वाईटच केलं. त्या मुलीने पहिली दोन वाक्यं लिहून घेतली. कोर्टाने गंगुबाईंना दोषी ठरवलं आणि वर्षभर सरळ वागण्याच्या हमीवर सोडून दिलं.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्या हायवेचा वळसा न घेता सरळ गल्लीतून सुशांतच्या घरी गेल्या. सुशांतने अंगणात पाटा मांडून ठेवला होता. संचिता लॅबमधून आल्याआल्या साडी नेसून बसली. आपला यावर विश्वास नाही हे तिने पूर्वी सगळ्यांना सांगितलेलं होतं. पण गंगुबाई पाट्याशी टेकल्या तेव्हा ती अचानक रडायला लागली, आणि गंगुबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून ती थांबेपर्यंत वाट पाहिली. आचारी आला होता, मामा आला होता, आणि या वेळी न पिता आला होता. कलावतीने बंटीला अगदी पुढे बसवलं. त्याने टोपी काढली तर टाक्यांच्या जागी केस उगवलेले नव्हते.

गंगुबाईंनी जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. गाठ मारली. नवरानवरीला पाट्यापुढून उठवलं. मग झापलेल्या एकेकावरून ते झापणं उतरवायला लागल्या. आचाऱ्याच्या चुलीला जाळ मागितला, मामाच्या बैलांना चारा मागितला. मामाकडे आता बैल नव्हते, जेसीबी होता, पण शब्द ठरलेले होते. बंटीची पाळी आली आणि त्या थांबल्या.

डीजेवाल्यासाठी सासूने काही शिकवलेलं नव्हतं. सासूच्या काळात डीजे नव्हता. ओळ त्यांची त्यांनाच करायची होती, आणि त्यांनी मनात आणलं असतं तर काहीही चाललं असतं. पोराला आयुष्य दे, घरदार दे, असं काही गाऊन मोकळं होता आलं असतं. कोणालाही कळलं नसतं. पण रीत अशी होती की ज्याला झापलं त्याला त्याच्याच कामात द्यायचं, आणि हातचं राखून द्यायचं नाही. कलावती पदर धरून बसली होती. गंगुबाईंनी बंटीच्या डोक्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज लावून गायल्या:

बंटीचे बॉक्स गो चार गावा वाजू दे,
आभालाला भिरू दे गो डोंगराला भिरू दे,
त्याचेच तालावर गो सगली हलद नाचू दे,
दुसरा कोनाचा गो आवाज नको लागू दे.

मग त्यांनी पाटा उचलला. कलावतीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि सगळ्यांना चहा दिला.

पुढच्या मोसमात बंटीला एक संध्याकाळ रिकामी मिळाली नाही. त्याने नवे बॉक्स घेतले, मग आणखी घेतले, पार ठाण्यापर्यंत त्याचं नाव झालं. एवढा मोठा डीजे ठरवला की लोक तो लवकर सुरू करायला सांगत आणि धवल्याला वेळ उरत नसे. पहिल्यांदा लोक गंगुबाईंना थोडक्यात गायला सांगून गेले. त्यांना थोडक्यात येत नव्हतं. मग बोलावणं यायचं थांबलं. वैशाख संपला तरी त्यांचा पाटा भिंतीला टेकलेला होता.

"आये, तुना त्याला जरा कमी देता आला अस्ता," पोपट एका संध्याकाळी म्हणाला. गावात हळद होती आणि बंटीचा आवाज इतका येत होता की फळीवरची भांडी सरकत होती.

गंगुबाई उठल्या, काठाला आलेला डबा त्यांनी आत सरकवला आणि त्यावर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या.

"माझा शबूद हाय तो," त्या म्हणाल्या. "लागला बघ कसा."